दुष्काळाचं पुस्तक कुठल्या कपाटात?

मराठवाड्यातल्या दुष्काळावर संशोधन करायचं तर ग्रंथालयातल्या एका कपाटापाशी उभं राहून भागत नाही. ड्यूई दशांश वर्गीकरणात, म्हणजे पुस्तकांना विषयाचा अंक देण्याच्या पद्धतीत, विषय कुठला यापेक्षा तो कुठल्या शास्त्राच्या अंगानं मांडलाय हे आधी बघतात. पाऊस का हुकला हे सांगणारा ग्रंथ ५५१.५७७३ ला, हवामानाच्या कपाटात. टँकर आणि चारा छावण्यांचा कारभार तपासणारा ३६३.३४९२९ ला. पाण्याच्या वाटपाचं अर्थकारण ३३३.९१ ला, सिंचनाची शेती ६३१.५८७ ला, आणि त्याच दुष्काळावरची मराठी कादंबरी ८९१.४६३ ला.

१८७६ पासून ही पद्धत अशीच आहे आणि तिच्यात खोट नाही. हवामानाच्या अभ्यासकाला शेजारी हवामानाचेच ग्रंथ हवे असतात. पण कपाटांवर जे विखुरलं ते तालिकेत, म्हणजे ग्रंथालयाच्या नोंदसूचीत, एकत्र आणणं ही ग्रंथपालाची जबाबदारी आहे, आणि माझ्या मते आपल्याकडे नेमकं हेच काम मागे पडतं. वर्गांकावर खल होतो, विषयशीर्षकाचा, म्हणजे ग्रंथ ज्या शब्दानं शोधला जाईल त्याचा, रकाना मात्र रिकामा सुटतो.

वर्गांकाच्या बहुतेक वादांचं उत्तर नियमांतच आहे. एका गोष्टीचा दुसरीवर परिणाम दाखवला असेल तर जिच्यावर परिणाम झाला तिचा अंक द्यायचा: 'दुष्काळाचा कापसावरील परिणाम' हा प्रबंध कापसात, ६३३.५१ ला. दोन विषयांपैकी एकावर जास्त भर असेल तर त्याचा अंक. दोन्ही सारखेच असतील तर तक्त्यात जो आधी येतो तो, म्हणून सोयाबीन आणि कापूस मिळून ६३३.३४, सोयाबीनला. त्यात ज्वारीही आली आणि विषय तीन झाले, की वरच्या पायरीवर जायचं: ६३३.

अंक बांधताना खरी कसरत होते. ऊसतोड कामगारांवरचे प्रबंध बीडकडून सतत येत असतात, म्हणून तेच उदाहरण घेतो. कामगारांच्या ३३१.७ पुढे उसाच्या ६३३.६१ मधले आकडे जोडले की ३३१.७६३३६१. प्रदेश दाखवायचा तर ०९ आणि त्यापुढे महाराष्ट्राचे ५४७९२. पूर्ण अंक होतो ३३१.७६३३६१०९५४७९२. दशांशचिन्हानंतर तेरा आकडे पुस्तकाच्या पाठीवर मावत नाहीत, मग लेबल छापणारा जागा संपेल तिथे कापतो. ३३१.७६३३६१० वर कापलं तर अंकच चुकतो, कारण दशांशानंतर शून्यावर संपणारा वर्गांक ड्यूईत नसतो. ३३१.७६३३६१०९५ वर कापलं तर प्रबंध आख्ख्या आशियातल्या ऊस कामगारांवरचा होऊन बसतो. कापायचंच तर ०९ च्या आधी कापा. मार्क म्हणजे संगणकीय नोंदीचा ठरलेला साचा, त्यात प्रत्येक रकान्याला क्रमांक असतो; त्याच्या ०८२ रकान्यात पूर्ण अंक ठेवा. लेबलवर आणि कॉल नंबरमध्ये, म्हणजे नोंदीतल्या कपाटाच्या पत्त्यात, एकच छोटा अंक असू द्या. हे दोन जुळले नाहीत तर पुस्तक तालिकेत दिसतं, कपाटात मिळत नाही.

आता ६५० चा रकाना, म्हणजे विषयशीर्षकं. अमेरिकेतल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसची एक मोजपट्टी उपयोगी आहे: ग्रंथाचा निदान २० टक्के भाग ज्या विषयावर असेल त्याला शीर्षक द्यायचं. ऊसतोडीच्या प्रबंधाला ऊस कामगार, हंगामी स्थलांतर, दुष्काळ आणि वेळ पडल्यास स्त्री कामगार अशी तीन-चार शीर्षकं सहज बसतात. नुसतं 'समाजशास्त्र' लिहून मोकळं होऊ नये. त्या शब्दानं शोधणाऱ्याला शेकड्यानं नोंदी मिळतात आणि कामाची एकही हाती लागत नाही. विद्यार्थ्यानं दिलेले की-वर्ड जसेच्या तसे ६५० मध्ये उतरवू नयेत. ते ६५३ मध्ये ठेवावेत आणि ६५० साठी एकच प्रमाण यादी पाळावी, नाहीतर 'अवर्षण' एकीकडे आणि 'दुष्काळ' दुसरीकडे जातो.

नावांचा घोळ आपल्या भागात विशेष आहे. मराठवाडा विद्यापीठाचा १९९४ मध्ये नामविस्तार झाला. १९८५ चा प्रबंध नोंदवताना ५०२ च्या टीपेत तेव्हाचंच नाव द्यायचं आणि प्राधिकृत नोंदीत, म्हणजे नावाचं प्रमाण रूप ठरवणाऱ्या वेगळ्या नोंदीत, ५१० वापरून जुनं-नवं नाव एकमेकांना जोडायचं. गावांचंही तसंच. प्रकाशनस्थळ औरंगाबाद छापलं असेल तर औरंगाबादच लिहा. विषय म्हणून मात्र ६५१ मध्ये छत्रपती संभाजीनगर, आणि जुन्या नावावरून तिकडे नेणारा ४५१ चा संदर्भ. धाराशिवला हाच नियम. संतांची नोंद आडनावानं होत नाही: एकनाथ, नामदेव, जनाबाई ही नावंच आधी येतात. ज्ञानेश्वरांचं नाव रोमन लिपीत किमान तीन तऱ्हांनी लिहिलं जातं, ती सगळी रूपं ४०० मध्ये भरा.

लिपीमुळे होणारी चूक तर डोळ्यांना दिसतच नाही. 'शेतकऱ्यांच्या' हा शब्द आपल्याकडच्या असंख्य प्रबंधांच्या शीर्षकात आहे. त्यातला ऱ्या काही कीबोर्ड 'ऱ' या स्वतंत्र अक्षरानं लिहितात, काही 'र'खाली नुक्ता देऊन, तर काही र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते वेगळे शब्द वाटू शकतात, आणि समोर असलेला प्रबंध शोधात येत नाही. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला डेटा रूपांतरित करताना जोडाक्षरं मोडतात, हा आणखी एक ताप. ग्रंथालयाची संगणक प्रणाली सोल असो की कोहा, नोंदी आयात करण्याआधी फाइलमध्ये 'शोधा आणि बदला' चालवून तिन्ही रूपं 'ऱ' वर आणा. रोमन लिपीतलं शीर्षक २४६ मध्ये द्या. मग प्रणालीचा शोध-निर्देशांक पुन्हा बांधा आणि ओपॅकवर, म्हणजे वाचकांच्या ऑनलाइन तालिकेत, 'शेतकऱ्यांच्या' हा शब्द एकदा मोबाइलवरून, एकदा ग्रंथालयातल्या संगणकावरून टाकून बघा. दोन्हीकडे निकालांचा आकडा सारखा आला नाही, तर एकतर कुठलंतरी रूप बदलायचं राहिलंय, नाहीतर त्यातला एखादा कीबोर्ड 'ऱ' वेगळ्या रूपात लिहितोय.