डोक्यातला एक्झिमा आणि तेलाचा हट्ट : माझा अनुभव

थंडी पडली की माझं डोकं सुरू व्हायचं. काळ्या कुर्त्यावर पांढरा भुगा तर पडायचाच पण कानामागे आणि केसांच्या कडेला पिवळट तेलकट खपल्या धरायच्या, भुवयांत पण, नाकाच्या बाजूला लाल, आणि खाज अशी की मीटिंगमध्ये हात आवरता आवरायचा नाही. आईचं म्हणणं डोकं कोरडं पडलंय, तेल जिरव. ती खोबरेल कोमट करून इतक्या मायेने चोळून द्यायची, ती रात्र छान जायची आणि मग परत तेच.

शेवटी स्किनच्या डॉक्टरांकडे गेले. मॅडमनी ठिकठिकाणी भांग पाडून बघितलं, कोपर आणि गुडघेही बघितले, कारण सोरायसिस हा दुसरा त्वचारोग असेल तर खपल्या जाड, चंदेरी असतात आणि तिकडेही दिसू शकतात. मला निघाला सेबोरिक डर्मटायटिस, म्हणजे डोक्यावरचा एक्झिमाच, त्वचेला सूज आणि खाज येण्याचा प्रकार. मॅलेसेझिया नावाचं यीस्ट, म्हणजे एक बुरशी, सगळ्यांच्याच त्वचेवर असतं, त्वचेतून सुटणाऱ्या तेलावर जगतं, काहींची त्वचा त्याने चिडते. अस्वच्छतेमुळे होत नाही आणि एकमेकांना लागतही नाही, हे ऐकून मला इतकं हलकं वाटलं, कारण घरात माझा कंगवा वेगळा ठेवलेला होता. आणि तेल? खोबरेलमधली फॅटी ॲसिड्स म्हणजे त्या यीस्टचं खाद्यच, त्यामुळे रात्रभर तेल बंद.

औषध म्हणाल तर २ टक्के केटोकोनॅझोलचा (हे बुरशीवरचं औषध) शाम्पू, सुरुवातीला आठवड्यातून २ वेळा. यात खरी गोम वेळेची आहे, केसांना फेस करून लगेच धुतला तर पैसे वाया, बोटांनी भांगाभांगातून कातडीवर लावायचा, ३ ते ५ मिनिटं ठेवायचा आणि मग धुवायचा, नखं लावायची नाहीत. सोबत स्टेरॉइडचं लोशन होतं पण थोडेच दिवस, फक्त खाजेच्या जागी. ते संपल्यावर मेडिकलमधून मनाने परत आणू नका प्लीज, जास्त वापरलं तर त्वचा पातळ होते, आणि डोक्याचं लोशन चेहऱ्याला तर लावूच नका.

केस गळत होते त्याचीच जास्त भीती होती. ते सूज आणि खाजवण्यामुळे गळतात, त्वचा शांत झाली की बहुतेकांचे परत येतात, माझे आले. पण टक्कल पडल्यासारखे चट्टे, पू किंवा दुखणं असेल तर थांबू नका, दाखवा.

हे कायमचं जात नाही. जागरण, टेन्शन, थंडी आली की डोकं वर काढतंच, म्हणून बरं असतानाही मी आठवड्यातून एकदा तोच शाम्पू लावते. आईला हे पटायला वेळ लागला, दिवाळीच्या अभ्यंगस्नानाला डोक्याला तेल नाही म्हणजे काय! मग असं ठरलं की अंगाला तेल-उटणं सगळं नेहमीसारखं, डोक्याला टाळूवर नावापुरतं बोट आणि त्याच आंघोळीत शाम्पू.