अंधारातले धान : ज्वारी, मूग आणि हरभऱ्याची नोंद

घटातील धान पिवळे उगवते हे आपल्या लातूर-धाराशिवकडे कोणाला सांगावे लागत नाही, आणि त्यावरून रब्बीचा अंदाज बांधणारी मंडळीही घरोघरी आहेत. या वेळी तोच पिवळेपणा मुद्दाम घडवून आणला. काळ्या मातीत ज्वारी, मूग आणि हरभरा पेरलेली एक कुंडी पत्र्याच्या रिकाम्या कोठीत ठेवली आणि तशीच दुसरी गच्चीवर. पाहणीसाठी टॉर्चवर हिरव्या जिलेटिन कागदाचे बरेच पदर गुंडाळले, कारण फायटोक्रोम हे प्रकाशग्राही प्रथिन तांबड्या उजेडाला फार लवकर प्रतिसाद देते.

सर्वांत बोलका ठरला मूग. कोठीतील त्याचा दांडा गच्चीवरच्यापेक्षा कितीतरी उंच, पांढुरका आणि किंचित वाकवताच कचकन मोडणारा होता. बीजपत्रे मिटलेली आणि शेंडा आकड्यासारखा खाली वळलेला. मातीतून वर येताना ढेकळाचा मार कोवळ्या शेंड्याला न बसता या वाकलेल्या भागाला बसतो. हरभऱ्याची बीजपत्रे मातीतच राहतात, त्यामुळे तेथे त्यांच्या वरचा दांडा लांबला होता आणि पाने खवल्यांएवढीच होती. ज्वारीला आकडा नसतो, तिचा शेंडा म्यानात असतो. मात्र माती हलकेच बाजूला केल्यावर दाणा आणि म्यानाचे बूड यांच्यामध्ये दोऱ्यासारखा पांढरा भाग ताणलेला आढळला. एरवी उजेड लागताच त्याची वाढ थांबते, म्हणूनच दाणा खोल पडला तरी ताटाची मुख्य मुळे जमिनीच्या वरच्या थरात फुटतात.

हा पिवळेपणा म्हणजे रोग नव्हे. हरितद्रव्य तयार होण्याच्या अखेरच्या टप्प्यांपैकी एक टप्पा सपुष्प वनस्पतींमध्ये प्रकाशाशिवाय पुढे सरकत नाही, त्यामुळे आधीपासून असलेली कॅरोटिनॉइडे ही पिवळी रंगद्रव्ये तेवढी दिसतात. पाइनची रोपे आणि अनेक शैवाले यांच्याजवळ अंधारात चालणारे वेगळे विकर (एन्झाइम) असते, म्हणून ती काळोखातही हिरवी होऊ शकतात. पिवळ्या रोपात पुढची तयारी झालेलीच असते: सकाळी उजेडात आणलेल्या मुगाचा आकडा दिवसभरात उलगडला आणि बीजपत्रांवर हिरवट झाक चढली.

यापुढचा प्रश्न अंधाराचा नसून सावलीचा आहे. अमेरिकेतील बेल्ट्सव्हिल येथे 1952 साली लेट्यूसच्या बियांवर दिसून आले की तांबडा प्रकाश बी रुजवतो, अतितांबडा, म्हणजे तांबड्याच्या पलीकडचा, डोळ्याला जेमतेम दिसणारा प्रकाश, ती आज्ञा मागे घेतो आणि शेवटी पडलेला प्रकाश निर्णायक ठरतो. उघड्या उन्हात तांबड्याचे अतितांबड्याशी प्रमाण साधारण 1.2 असते, दाट पानोळ्याखाली तांबडा शोषला जाऊन ते 0.2 च्याही खाली येऊ शकते. त्यामुळे एक मूग वाढलेल्या तुरीखाली आणि दुसरा काळ्या शेडनेटखाली लावणार आहे, कारण काळी जाळी उजेड कमी करते पण हे प्रमाण फारसे बदलत नाही. मोबाइलमधील लक्समापकावर विसंबून येथे भागणार नाही; लक्स हे माप माणसाच्या डोळ्याच्या हिशेबाचे आहे आणि अतितांबडा त्यात जवळजवळ मोजलाच जात नाही.