योग्य त्या कार्यवाहीसाठी

आवक-जावकच्या टेबलावर माझी 19 वर्षं गेली. कार्यालय कुठलं ते सोडा. पत्र आलं की नोंद करायची, साहेबांकडे पाठवायचं, शेरा पडला की जावक क्रमांक टाकून पुढे ढकलायचं. शेरा बहुतेक ठरलेला, 'माहिती व योग्य त्या कार्यवाहीसाठी'. समोरच्या कार्यालयाची पोच आली की आमचं गंगेत घोडं न्हालं. योग्य म्हणजे नेमकं काय, हे पाठवणाऱ्याने कधी लिहिलं नाही आणि घेणाऱ्याने कधी विचारलं नाही.

रेकॉर्ड रूमच्या गळक्या छताचं पत्र मी स्वतः तीन ठिकाणी पाठवलं होतं, वर 'तात्काळ'चा शिक्का मारून. तिन्हींची पोच आली. जुलैत फायली भिजून लगदा झाला. विचारणा झाली तेव्हा मी रजिस्टर उघडून दाखवलं आणि सुटले. त्या सुटकेची आता लाज वाटते.

26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री माझा धाकटा दीर सीएसटीवर लोकलची वाट बघत होता. उद्घोषक विष्णू झेंडे माइकवरून पुन्हा पुन्हा बाहेर जायला सांगत होते, ते ऐकून तो मागच्या बाजूने निघाला. घरी आल्यावर दोन दिवस बोलला नाही. म्हणून असेल, निवृत्तीनंतर मुंबईवरच्या त्या दहशतवादी हल्ल्याबद्दल मिळेल ते मी वाचत गेले. हल्ल्याची चौकशी करायला राज्य सरकारने नेमलेल्या राम प्रधान समितीच्या अहवालात तर मला माझंच टेबल दिसलं.

ऑगस्ट 2006 पासून आलेले 26 इशारे समितीने मोजले. त्यांतले 6 समुद्रामार्गे हल्ल्याचे, 11 एकाच वेळी अनेक ठिकाणी होणाऱ्या हल्ल्यांचे, 3 फिदायीन, म्हणजे आत्मघाती हल्ल्याचे. म्हणजे माहिती नव्हती असं नाही. ती सुटी सुटी होती, एकेका पाकिटात. सगळी पाकिटं एका टेबलावर ओतून 'अहो, हे सगळं एकच दिसतंय' असं म्हणणं कुणाच्याच कामाच्या यादीत नव्हतं. मंत्रालयात इशारे हाताळण्याचा पुरता गोंधळ होता, असं समितीनेच म्हटलंय.

हल्ल्याच्या आठ दिवस आधी, 18 नोव्हेंबरला, मुंबईकडे निघालेल्या 'माला'बद्दलचा सॅटेलाइट फोनवरचा संवाद परदेशातली माहिती काढणाऱ्या 'रॉ' या गुप्तचर यंत्रणेने पकडला होता. तो देशातली गुप्तचर यंत्रणा आयबी, तिच्याकडे गेला, तिथून नौदल आणि तटरक्षक दलाकडे. शोध घेतला, बोट सापडली नाही. पुढे ते दहा हल्लेखोर पोरबंदरची 'कुबेर' ही मासेमारी बोट पळवून तिच्यावरून आले. आपली बोट, तिच्यावर कोण संशय घेणार? ताजलाही सप्टेंबरमध्ये, इस्लामाबादच्या मॅरियटमधल्या स्फोटानंतर, बंदोबस्त वाढवायला लावला होता. नोव्हेंबरपर्यंत तो सैल झाला होता.

नंतर नौदलप्रमुख म्हणाले, माहिती 'ॲक्शनेबल', म्हणजे कारवाई करण्याजोगी, नव्हती. मला खुदकन हसू आलं, वाईट वाटतं सांगायला. आमच्या 'योग्य ती कार्यवाही'चंच हे इंग्रजी भावंड. देणारा म्हणतो मी कळवलं, घेणारा म्हणतो कळवलं ते कामाचं नव्हतं, आणि कागदावर दोघंही खरे.

गंमत म्हणजे गुप्तचर यंत्रणांनी एकत्र बसावं म्हणून दिल्लीत कारगिलनंतर, 2001 मध्येच 'मॅक' (मल्टी एजन्सी सेंटर) हे केंद्र काढलेलं होतं. एकमेकांना माहिती देणं बंधनकारक करणारा आदेश मात्र 166 माणसं गेल्यावर, डिसेंबर 2008 च्या अखेरीस निघाला. सख्ख्या भावांना बोला म्हणून नोटीस काढावी तसंच हे!

प्रधान समितीतले दुसरे सदस्य व्ही. बालचंद्रन स्वतः रॉमधून निवृत्त झालेले. पाकिटं कुठून कशी सुटतात हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? पण समिती राज्य सरकारची, केंद्रीय यंत्रणांना प्रश्न विचारण्याचा अधिकार तिला नव्हता. देशपातळीवर वेगळा आयोग नेमलाच गेला नाही. म्हणजे आवक मुंबईत तपासली, जावक दिल्लीतच राहिली.