टॅरंटुलाच्या ताटात काय वाढायचं?

कुत्रा-मांजराच्या मानाने टॅरंटुला, म्हणजे मोठा केसाळ कोळी, पाळणं फारच कमी कटकटीचं. फिरायला न्यावं लागत नाही, सोफा फाडत नाही, पाण्याची वाटी भरलेली असली की आठवडाभर तुमच्याकडे ढुंकूनही बघत नाही. खरी उस्तवार असते ती त्याच्या खाण्याची. तो जे किडे खाणार, ते जिवंत, धडधाकट आणि खाऊन-पिऊन तृप्त ठेवायचे, म्हणजे कोळी एक आणि कीटक शंभर असा तो संसार असतो.

आम्ही जर्मनीत डॉर्टमुंडला राहतो. ऑफिसातली मैत्रीण नोकरी बदलून दुसऱ्या देशात निघाली, तेव्हा तिची मोठी मादी माझ्याकडे आली. ट्लिल्टोकाट्ल आल्बोपिलोसस, मूळची होंडुरास-निकाराग्वा-कोस्टा रिकाकडची, अंगभर कुरळे केस आणि स्वभावाने गरीब. मग शेजारच्या हाम शहरात सरपटणाऱ्या प्राण्यांची आणि कोळ्या-विंचवांची जी मोठी जत्रा भरते, तिथून आणखी दोन आले. मेक्सिकोच्या लाल गुडघेवालीचं, म्हणजे ब्राकिपेल्मा हामोरीचं, नखाएवढं पिल्लू आणि एक निळ्या पायांची व्हेनेझुएलाची मादी. त्या जत्रेत एका टेबलावर आपल्या पश्चिम घाटातले पोसिलोथेरियासुद्धा प्लास्टिकच्या डबीत बसलेले दिसले. झाडावर राहणारे, वाऱ्यासारखे पळणारे आणि चावले तर बरेच दिवस आठवण ठेवायला लावणारे. गाववाले म्हणून क्षणभर मोह झाला, पण हात आखडता घेतला.

तिघांची खायची तऱ्हा तीन प्रकारची निघाली आणि त्यावरच सगळं ठरत गेलं.

इथल्या पाळीव प्राण्यांच्या दुकानात जिवंत किड्यांचं एक स्वतंत्र कपाट असतं. पारदर्शक डब्या, झाकणाला भोकं, आत अंड्यांच्या ट्रेचा तुकडा आणि डबीवर लहान, मध्यम, मोठे असं लिहिलेलं. तपकिरी घरगुती रातकिडे, काळे दोन ठिपकेवाले रातकिडे, टोळ, दोन-तीन जातींची झुरळं, पिठातल्या अळ्या आणि जाडजूड झोफोबास अळ्या. आकाराचा साधा नियम असा, की भक्ष्य कोळ्याच्या पोटाच्या भागापेक्षा मोठं नको. मोठ्या कोळ्याला थोडं इकडेतिकडे चालतं, पिल्लाला अजिबात नाही.

सुरुवात रातकिड्यांपासून केली, कारण ते सगळीकडे मिळतात आणि सतत हलतात. टॅरंटुलाला डोळे आठ, पण नजर यथातथाच. जमिनीची थरथर त्याला पायांतून आणि पायांवरच्या केसांतून कळते. रातकिडा एका जागी बसत नाही, त्यामुळे शिकार पटकन होते. त्याचे तोटेही पटकन कळतात. दुकानातल्या डबीत प्रवासाने दमट झालेली हवा, त्यात मेलेले चार-पाच आणि झाकण उघडताच नाकात जाणारा अमोनियाचा भपकारा. म्हणून घरी आल्या आल्या त्यांना मोठ्या, कोरड्या टबमध्ये हलवायचं, अंड्यांचे ट्रे उभे लावायचे आणि मेलेले रोज वेचायचे. पाण्याची वाटी ठेवायची नाही, त्यात ते बुडून मरतात. गाजराच्या चकत्या पुरतात. त्यातही घरगुती रातकिडा नाजूक. त्यांच्यात एक विषाणू पसरतो. 2010 च्या आसपास त्याने अमेरिकेतल्या रातकिड्यांच्या मोठमोठ्या फार्मांची वाट लावली होती.

आणि आवाज! आमच्या इमारतीत रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळायची असते आणि भिंती पातळ. गावाकडे पावसाळ्यात रातकिडे किर्र करतात तेव्हा छान झोप लागते. तोच आवाज हॉलमधल्या टबातून आला की खालच्या मजल्यावरचे आजोबा जिन्यात भेटून हवापाण्याच्या गप्पा जरा जास्तच सविस्तर मारतात. यावरचा उपाय सोपा आहे. गातो तो फक्त पूर्ण वाढलेला नर, तोही पंख एकमेकांवर घासून. म्हणून एक माप लहान घ्यायचं, पंख न फुटलेले. तेही आठवड्या-दीड आठवड्यात गायला लागायच्या आत संपतील एवढेच.

आता 'तयार करणं' म्हणजे काय? कोळ्याच्या पोटात शेवटी तेच जातं, जे किड्याच्या पोटात आहे. दुकानातला उपाशी रातकिडा म्हणजे टरफल. त्यामुळे कोणताही किडा द्यायच्या आधी एक-दोन दिवस त्याला नीट जेवू घालायचं. ओट्स आणि गव्हाचा कोंडा मिक्सरमधून काढलेला, सोबत गाजर, भोपळ्याची फोड, कोथिंबिरीच्या काड्या. सगळं धुऊन, शक्यतो साल काढून, कारण सालीवर उरलेलं कीटकनाशक किड्यालाही मारतं आणि त्याला खाणाऱ्यालाही. याच कारणासाठी घरात डासांचा किंवा झुरळांचा कसलाही स्प्रे पूर्ण बंद. मांजराच्या मानेवर पिसवांचं औषध लावलं असेल तर हात धुतल्याशिवाय कोळ्याच्या पेटीकडे जायचं नाही.

जत्रेतल्या एका विक्रेत्याने किड्यांवर भुरभुरायची कॅल्शियमची पावडरही गळ्यात मारायचा प्रयत्न केला. सरड्यांना ती लागते, त्यांना हाडं असतात. कोळ्याचं कवच कायटिन आणि प्रथिनांचं, खेकड्यासारखं चुन्याने कडक झालेलं नाही. मी पावडर घेतली नाही आणि आजवर काही अडलेलं नाही.

पिल्लाचं प्रकरण वेगळंच होतं. नखाएवढ्या कोळ्यापुढे धावता रातकिडा सोडला तर शिकार कोण आणि शिकारी कोण, हे सांगता येत नाही. त्याला मेलेलंही चालतं, हे कळल्यावर जीव भांड्यात पडला. लहान रातकिडा झाकणाच्या डबीत घालून पाच मिनिटं फ्रिजमध्ये ठेवायचा, म्हणजे तो सुस्त होतो. (फ्रिजमध्ये क्वार्कच्या, म्हणजे इथल्या चक्क्यासारख्या चीजच्या, श्रीखंडाशेजारी डबी ठेवण्यावरून घरात एक करार झाला आहे. सगळ्यात खालचा कप्पा, डबीवर मोठ्या अक्षरात नाव.) मग चिमट्याने डोकं दाबायचं. डोकं गेलं तरी पाय हलत राहतात, कारण किड्याच्या मज्जातंतूंच्या गाठी अंगभर विखुरलेल्या असतात. पहिल्यांदा बघवत नाही. मग मागच्या पायाची मांडी, जिथे सगळ्यात जास्त मांस, ती कापून पिल्लाच्या बिळाच्या तोंडाशी ठेवायची. सुरुवातीला ते घाबरून मागे सरकतं. थोड्या वेळाने एक पाय पुढे येतो, मांडीला लागतो, परत जातो. मग अंगच पुढे येतं आणि ती मांडी मिठी मारल्यासारखी धरून ते बसून राहतं. कोळी चावून गिळत नाही. पाचकरस सोडून मांस पातळ करतो आणि शोषून घेतो. सकाळी तिथे मोहरीएवढा कोरडा गोळा उरलेला असतो. तो लगेच उचलायचा, नाहीतर दमट मातीत बुरशी आणि बारीक माइट्स झालेच म्हणून समजा.

अळ्यांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. पिठातली अळी स्वस्त, फ्रिजमध्ये महिनोन् महिने टिकते, पण पेटीत टाकली की सरळ मातीत घुसते. कोळ्याला पत्ता नाही, आणि काही आठवड्यांनी मातीतून एक भुंगेरा ऐटीत बाहेर येतो. झोफोबासचा जबडा तर चांगलाच मजबूत. द्यायचीच असेल तर डोकं दाबून, नाहीतर कोळ्याच्या पुढ्यात चिमट्याने धरून. मेणअळी म्हणजे निव्वळ चरबी. दोन-तीन महिन्यांतून एकदा, कात टाकून बारीक झालेल्या मादीला लाड म्हणून ठीक.

शेवटी गाडी आली ती झुरळांवर. ब्लाप्टिका दुबिया, मूळ दक्षिण अमेरिकेची. चार-साडेचार सेंटीमीटरची, संथ, आवाज नाही, वास जवळजवळ नाही, गुळगुळीत प्लास्टिकवर चढता येत नाही. नराला पूर्ण पंख, पण उडणं नावापुरतं. मादीला पंखांचे नुसते खुंट. स्वयंपाकघरातल्या झुरळांशी यांचा नात्यापुरताच संबंध, पण हे साताऱ्याला आईला पटवणं अवघड. व्हिडिओ कॉलवर तिने डबा बघितला आणि म्हणाली, "अगं, आम्ही इथे खडूच्या रेघा मारून मारून दमलो आणि तू तिकडे पैसे मोजून आणलीस?"

डबा अपारदर्शक, झाकणात मोठं भोक पाडून त्याला स्टीलची बारीक जाळी, आत अंड्यांचे ट्रे उभे, म्हणजे विष्ठा खाली पडते. एका बाजूला बाहेरून हीट मॅट, थर्मोस्टॅटवर 28 ते 30 अंश. याहून थंडीत ती जगतात, पण पिल्लं कमी आणि उशिरा घालतात, आणि डॉर्टमुंडच्या खोलीचं तापमान त्यांना थंडच पडतं. दोन महिन्यांनी मादी वीस-तीस पिल्लं घालते. पिल्लं आधी पांढरी, काही तासांत तपकिरी. मोठी व्हायला चार-सहा महिने, तेव्हा पहिलं अर्ध वर्ष घरचं झुरळ खायला काढायचं नाही आणि रातकिडेच आणत राहायचे. पुढे नर जास्त झाले की ते कोळ्यांना, माद्या डब्यातच ठेवायच्या. तीन-चार माद्यांमागे एक नर पुरतो. साफ करताना मात्र मास्क लावा. वाळलेल्या विष्ठेच्या धुळीची ॲलर्जी होते. मला शिंका सुरू झाल्यावर डबा हॉलमधून तळघरात गेला.

दुबियाचा एकच दुर्गुण. पेटीत सोडलं की माती उकरून आत जातं किंवा मेल्याचं सोंग घेतं. कुरळ्या केसांच्या बाईसाहेबांपुढे म्हणून डोकं दाबलेलं झुरळ ठेवते, पाय हलत असतानाच. ती पंधरा दिवसांतून एकदा जेवते आणि तेवढं तिला पुरतं. निळ्या पायांची मात्र सगळ्या पेटीत जाळ्याची चादर विणून बसलेली. त्या जाळ्यावर झुरळ टाकलं की त्याला उकरायला मातीच मिळत नाही, आणि ते खाली टेकायच्या आत तिने उचललेलं असतं.

कधी द्यायचं नाही, हे कळणंही तितकंच महत्त्वाचं. कोळी खायचा थांबला, पोट तकतकीत आणि काळपट दिसायला लागलं, तर तो कात टाकायच्या तयारीत आहे. अशा वेळी पेटीत जिवंत काहीही नको. उताण्या पडलेल्या, मऊ झालेल्या कोळ्याला रातकिडा कुरतडतो. कात टाकल्यावर सुळे आधी पांढरे, मग लालसर, मग काळे होतात. काळे होईस्तोवर थांबायचं. मोठ्या मादीला दहा-पंधरा दिवस लागतात. एरवीही रात्री दिलेला जिवंत किडा सकाळपर्यंत तसाच असेल तर काढून घ्यायचा.

उन्हाळ्यात बाल्कनीत नाकतोडे येतात, फुकटचे आणि टुमटुमीत. मी ते देत नाही. त्यांच्यावर कोणी काय फवारलंय माहीत नसतं, आणि पोटात परजीवी असू शकतात. टॅरंटुलाच्या तोंडाशी होणाऱ्या सूत्रकृमींचं दुखणं वाईट. पांढरट चिकट थर दिसतो, खाणं सुटतं आणि कोळी हळूहळू उपाशी मरतो. 2022 मध्ये कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड विद्यापीठाच्या संशोधकांनी असा एक नवा सूत्रकृमी नोंदवला. ठरलेला उपचार नाही, तेव्हा किड्यांचे डबे स्वच्छ आणि माशी न लागू देणं एवढंच आपल्या हातात.

थंडीत किडे टपालाने मागवू नयेत. शून्याखालच्या तापमानात ते दारात मेलेलेच पोचतात.

सुट्टीत भारतात महिनाभर जाताना कोळ्यांची चिंता नसते. मोठ्या दोघींना पोटभर खाऊ घालून पाण्याची वाटी भरली की झालं, आठवड्यातून एकदा कोणी पाणी घातलं तरी पुष्कळ. पिल्लू मैत्रिणीकडे जातं. प्रश्न उरतो झुरळांचा. त्यांना दर तीन-चार दिवसांनी गाजर हवं, आणि तळघराची किल्ली घेऊन 'मी टाकेन' म्हणणारा शेजारी अजून तरी मला सापडलेला नाही.