दातांनी दमवलं

आम्ही नॉर्थ कॅरोलायनातल्या केरी गावात राहतो. इथून दीडेक तासावर सीग्रोव्ह आहे, पिढ्यान्‌पिढ्या कुंभारकाम चालत आलेलं गाव. सहा वर्षांपूर्वी तिथल्या एका दुकानात फळीवरून कुणीतरी माझ्याकडे डोळे वटारून बघत होतं. चंबूसारखं बुटकं भांडं, तोंड अरुंद, पाठीला धरायचा कान, आणि पोटावर भला मोठा चेहरा. बटबटीत डोळे, विचकलेले दात. इकडे याला ‘फेस जग’ म्हणतात. किंमत बघून खाली ठेवला आणि घरी येताना नवऱ्याला म्हटलं, हे मी करणार. तो हसला नाही. वीस वर्षांच्या संसारात तेवढं शहाणपण येतंच.

सोय म्हणाल तर गॅरेजचा कोपरा, जुनं विकत घेतलेलं विजेचं चाक आणि तशीच जुनी विजेची भट्टी. गुरू नाही. एका वर्गाला तीन शनिवार गेले, पण तिथे सगळ्यांना एकसारखे मग करायचे होते, म्हणून सोडला. मला वाटायचं, अवघड असेल ते चेहऱ्याचं. चुकलं. चेहरा तासा-दीड तासात लागतो; त्याच्या मागचं मडकं यायला मला दोन वर्षं लागली. माती चाकाच्या मधोमध आणण्यातच पहिले चार महिने गेले. उंच काही वर येईना, आलं की डगमगून बसायचं. जे टिकलं ते सगळं संक्रांतीच्या सुगडासारखं दिसायचं. गावाकडे आमच्या कुंभारकाका एका गोळ्यातून पाच-सहा सुगडं काढायचे, बोलता बोलता. तेव्हा त्यांच्या हातांकडे नीट बघितलं असतं तर, असं फार वाटलं.

अंगावर चेहऱ्याचं वजन पेलेल इतपत जाड भिंत, पण भट्टीत तडकणार नाही इतकी सारखी, हे जमलं तेव्हा खरा खेळ सुरू झाला. मडकं अर्धवट सुकून चामड्यासारखं झालं की जिथे नाक-ओठ लावायचे तिथे ओरखडे काढायचे, मातीची पातळ लापशी लावायची आणि दाबायचं. भुवया, नाक, पापण्या, कान. धरायचा कान आणि ऐकायचे कान यांत सासूबाईंचा नेहमी घोळ होतो.

दातांनी मात्र दमवलं. नॉर्थ कॅरोलायनातल्याच कटॉबा व्हॅली भागातले नावाजलेले कुंभार बर्लन क्रेग (१९१४–२००२) फुटक्या चिनी मातीच्या बशांचे तुकडे दात म्हणून लावायचे, असं वाचलं होतं. मीही कपाटातली एक तडकी बशी हातोडीने फोडली, ओठांत बत्तीस नाही पण सात दात रोवले. सुकल्यावर प्रत्येक दाताच्या मुळाशी चीर! कारण साधं होतं, मलाच उशिरा उमगलं. माझी माती ओल्यापासून भाजून निघेपर्यंत सुमारे १२ टक्के आटते. बशी एकदा भाजलेली, ती कशाला आटेल? हिरडी आवळत जाते आणि दात जागचा हलत नाही, मग फाटणार ती हिरडीच. चार जग असेच गेले. आता दाताला थोडी सैल खोबण ठेवते, ओठांची वळी खूप ओली लावते, आणि प्लास्टिकखाली दहा-बारा दिवस सुकू देते. तरी एखादा दात दगा देतोच.

एकदा डोळाही फुटला. बुबुळासाठी मातीचा भरीव गोळा लावला होता, बाहेरून कोरडा, आतून ओला. आतल्या पाण्याची वाफ झाली आणि भट्टीत डोळ्याचे तुकडे इतर चार भांड्यांत जाऊन बसले. तेव्हापासून पहिल्या भाजणीआधी रात्रभर भट्टी नव्वद अंशांच्या आत ठेवते.

मग झिलई, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा थर. इकडची जुनी झिलई राखेची: लाकडाची राख, माती आणि कुटलेली काच किंवा वाळू. राखेने भांडी घासत मोठी झालेली मी, राखेची काच होते हे बघून हरखले. अडचण अशी की ही झिलई मुळात लाकडाच्या भट्टीतली, १२५० अंशांच्या वरची. माझी भट्टी १२२० ला दमते. काचेची पूड वाढवली तर ती इतकी वितळली की जग फळीला चिकटला आणि छिन्नीने काढताना बूड गेलं. आता खालचं बोटभर अंग कोरं सोडते. क्रेगच्या भागातले कुंभार भांड्याच्या कानावर काचेचा तुकडा ठेवत, तो वितळून पांढरट ओघळ यायचे. मी तो डोळ्याखाली खोचून बघितला. जग रडायला लागला.

हे करता करताच एजफिल्डबद्दल कळलं, आणि माझी मजा थोडी उतरली. साउथ कॅरोलायनातल्या त्या भागात १८६० च्या सुमाराला गुलाम कुंभारांनी असे छोटे चेहरे घडवले, डोळे-दात पांढऱ्या केओलिन मातीचे. गुलाम आणण्यावर १८०८ पासून बंदी असतानाही १८५८ मध्ये ‘वाँडरर’ जहाजाने चारशेहून जास्त माणसं आफ्रिकेच्या काँगो भागातून जॉर्जियाच्या किनाऱ्यावर उतरवली; त्यांतली काही एजफिल्डला पोचली. त्या चेहऱ्यांचा काँगोच्या श्रद्धांशी संबंध असावा, असं अभ्यासक मानतात. घडवणाऱ्यांपैकी बहुतेकांची नावं कुठेच नाहीत. पुढे गोऱ्या कुंभारांनी ते उचललं, गंमत म्हणून विकलं, आणि मी दुकानात बघितलं ते तिथून आलेलं. मी आधी जाड ओठ, मोठ्या नाकपुड्या बिनधास्त लावत होते, ‘असंच असतं’ म्हणून. ते थांबवलं. आता माझ्या जगांना आमच्याच घरची नाकं असतात. त्या गुलाम कुंभारांच्या चेहऱ्यांची नक्कल करायचा अधिकार मला आहे असं वाटत नाही. दाताची युक्ती मात्र घेतली, हे कबूल.

गेल्या उन्हाळ्यात सासूबाई साताऱ्याहून आल्या होत्या. भट्टी उघडली तेव्हा शेजारीच उभ्या. जग बाहेर काढला, हिरवट तपकिरी, एक दात पडलेला. तो खाली फळीवर सापडला.

“अगं, हे तर आमचे थोरले भाऊजी,” त्या म्हणाल्या. “तपकिरीची डबी दे फक्त हातात.”

“दात चिकटवू का, आई?”

“कशाला? त्यांनाही नव्हताच तो.”

तो जग आता पायरीशी आहे. दृष्ट लागत नाही म्हणे. पुढच्याला आठ दात लावायचा विचार आहे, बशी शोधतेय.