बेकरी ते कॅफे: पाय खात शहर फिरताना

पाय (इंग्रजीतला pie) म्हणजे मैदा-लोण्याच्या खुसखुशीत कवचात, म्हणजेच पेस्ट्रीत, सारण भरून भाजलेला पदार्थ. तो खात शहर फिरायला शनिवार आम्ही मुद्दाम धरला. आठवड्याच्या मधल्या वारी बेकऱ्यांत पायचे दोन-तीन नेहमीचे प्रकार असतात, शनिवारी मात्र सकाळपासून भट्टी तापलेली असते आणि काचेच्या कपाटासमोर उभं राहिल्यावर निवड करायला खरंच काहीतरी असतं. आम्ही चौघं होतो: एक पट्टीचा गोडखाऊ, एक कट्टर शाकाहारी, घरी बेकिंग करणारी एक मैत्रीण आणि मी. चार हा आकडा सोयीचा. एका तुकड्याचे चार वाटे नीट पडतात आणि टोक, सारण, कड सगळं प्रत्येकाच्या तोंडात जातं. सहा-सात जण असाल तर दोन गट करा, नाहीतर कोणाच्या तरी वाट्याला नुसती कड येते.

सुरुवात तिखटामिठाच्या पायने करा, ही पहिली सूचना. गोडाने सुरुवात केली की दुसऱ्या ठिकाणापर्यंत जीभ बोथट होते आणि मग सगळंच सारखं लागतं. आम्ही स्टेशनाजवळच्या एका बेकरीत उभ्याउभ्याच चिकन-मशरूमचा पॉट पाय आणि चीज-कांद्याचा छोटा पाय घेतला. पॉट पायला खाली पेस्ट्री नव्हती, नुसतं वरचं झाकण. ‘याला पाय म्हणायचं का?’ यावर गोडखाऊ मित्राने तिथेच वाद काढला. पण शेफर्ड्स पायमध्ये पेस्ट्रीचा मागमूस नसतो, वर कुस्करलेला बटाटा असतो, आणि बोस्टन क्रीम पाय तर चक्क केक आहे. या वादात वेळ घालवलात तर पाय गार होतो.

शाकाहाऱ्यांनी मात्र इथे एक प्रश्न विचारायलाच हवा. सारण भाजीचं असलं म्हणजे काम झालं असं नाही, मोहन कशाचं घातलंय ते विचारा. पारंपरिक पद्धतीच्या पेस्ट्रीत डुकराची चरबी किंवा सुएट (गाय-मेंढीच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी) वापरतात, वरून अंडं फासलेलं असतं, आणि थंड मिळणाऱ्या क्रीमच्या पायमध्ये प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं जिलेटिन असू शकतं. आमच्या मित्राने एका ठिकाणी विचारलं, तर काउंटरवरच्या मुलीने आत जाऊन चरबीच्या डब्यावरचं लेबल वाचून येऊन सांगितलं. असं विचारलेलं कोणाला खटकत नाही.

दुसऱ्या ठिकाणचा ॲपल पाय दिवसभरात सगळ्यात उजवा ठरला, आणि तो का, हे मैत्रिणीमुळे कळलं. ताटली समोर आल्यावर तिने वरची जाळी बघितलीच नाही. काट्याने तुकडा एका बाजूने उचलला आणि मान वाकडी करून खालून पाहिला. तळ गडद सोनेरी, त्यावर तपकिरी ठिपके, आणि काटा काढल्यावरही तुकडा वाकला नाही. आधीच्या चीज-कांद्याच्या पायचा तळ पांढुरका होता आणि सारणाला लागून पेस्ट्रीचा एक कच्चट, राखाडी पट्टा दिसत होता. वरून दोन्ही सारखेच छान दिसत होते.

तळ भाजला जाणं हे निम्मं साच्यावर असतं. गडद रंगाचा धातूचा साचा उष्णता लवकर घेतो, चकचकीत फॉइलची ताटली ती परतवते, म्हणून फॉइलमधल्या पायचा तळ बरेचदा फिकाच राहतो. उरलेलं निम्मं बेकरच्या सबुरीवर. पातळ सारणाच्या पायसाठी पेस्ट्री आधी रिकामीच, वर वजन ठेवून भाजून घ्यावी लागते आणि घाईच्या ठिकाणी हीच पायरी गाळली जाते. लोणी थंड असेल तर भट्टीत त्यातल्या पाण्याची वाफ होऊन पापुद्रे सुटतात, ते आधीच वितळलं असेल तर पेस्ट्री घट्ट बसते. खाणाऱ्याला हे सगळं एका नजरेत तळावर दिसतं. तेव्हा नव्या ठिकाणी आधी एकच तुकडा मागवा, उलटून बघा, आणि पटलं तरच दुसरा.

वेळेचं गणित उलटं आहे, तेही सांगतो. ‘आत्ताच भट्टीतून काढलाय’ ही पाटी मांसाच्या किंवा चीजच्या पायसाठी आमंत्रण आहे, फळांच्या पायसाठी नाही. फळाच्या रसात घातलेला स्टार्च (कॉर्नफ्लोअरसारखा) गार होताना घट्ट होतो, त्याला तीन-चार तास द्यावे लागतात. गरम कापलेला चेरी पाय ताटलीत पसरतो आणि खालची पेस्ट्री भिजते. म्हणून सकाळी तिखटामिठाचे, दुपारनंतर फळांचे, असा क्रम लावा. पाय भट्टीतून कधी निघतात हे आदल्या दिवशी फोन करून विचारलेलं बरं.

दुपारी कॅफेत बसलो, कारण तोवर खुर्चीची गरज होतीच. लेमन मेरिंग पायवरच्या, अंड्याचा पांढरा भाग साखरेत फेटून केलेल्या फेसावर मधाच्या रंगाचे थेंब जमले होते, म्हणजे फेस जास्त भाजला गेला होता. खाली पाणी सुटलं असेल तर तो नीट शिजलेला नसतो. चव ठीक, पेस्ट्री फ्रिजमुळे मऊ पडलेली. की लाइम (एक छोटं, आंबट लिंबू) पाय मात्र लाजवाब. कंडेन्स्ड मिल्क लिंबाच्या आंबटपणाने आपसूक घट्ट होतं, इतकी साधी युक्ती, पण लिंबू हात राखून घातलं तर नुसता गोडमिट्टपणा उरतो. भोपळ्याच्या पायला मधोमध भेग गेलेली, जास्त वेळ भट्टीत राहिल्याची खूण, म्हणून सोडला. पेकन (अक्रोडासारख्या सुक्या मेव्याचा) आणि बॅनॉफी (केळं-टॉफीचा) पाय एकाच बैठकीत घेऊ नका, दोन्हींत साखरेचाच कारभार. गोडखाऊ मित्राने घेतले आणि नंतर तासभर तो फारसा बोलला नाही.

बरोबर प्यायला बिनसाखरेची काळी कॉफी किंवा कोरा चहा, बाकी काही नको. दोन ठिकाणांमध्ये वीस-पंचवीस मिनिटं चालायचं अंतर असेल असा रस्ता आखा, गाडी काढू नका. चार ठिकाणं भरपूर झाली, पाचव्या ठिकाणी आम्ही फक्त बांधून घेतलं.

बांधून घेताना पुठ्ठ्याचं खोकं मागा, प्लॅस्टिकच्या बंद डब्यात वाफ धरते आणि कड लिबलिबीत होते. मांस, अंडं किंवा क्रीम असलेला पाय दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवा, म्हणून असली खरेदी परतीच्या वाटेवर. घरी गरम करायचा तो ओव्हनमध्येच, १८० अंशांवर दहा-पंधरा मिनिटं. मायक्रोवेव्हमध्ये सारण उकळतं आणि पेस्ट्री चामट होते.

तारखेचं म्हणाल तर १४ मार्च टाळा किंवा मुद्दाम साधा. गणितातल्या पाय (π) या संख्येची किंमत साधारण ३.१४, आणि अमेरिकी पद्धतीने महिना आधी लिहिला की १४ मार्च म्हणजे ३/१४. या हिशोबाने सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्सप्लोरेटोरियम या विज्ञान संग्रहालयात १९८८ पासून हा पाय दिवस साजरा होतो आणि आता बऱ्याच बेकऱ्या त्या दिवशी खास प्रकार करतात. प्रकार जास्त मिळतात, बसायला जागा मिळत नाही. गर्दीचा कंटाळा असेल तर त्याच्या नंतरचा शनिवार धरा.