काळी वायर काळीला जोडली, एवढंच झालं होतं

लातुरातल्या एका मॉडेल रेल्वेच्या मांडणीचं काम मेच्या दुसऱ्या आठवड्यात आलं. जुन्या बार्शी लाईट या अरुंद रुळांच्या रेल्वेची प्रतिकृती, प्रमाण 1:87. मूळ रूळ 762 मिलिमीटरचे, म्हणून इथे 9 मिलिमीटरचा ट्रॅक. मालकांची तक्रार एका वाक्याची होती: "रात्री गुण्यानं चालती, दुपारी आपोआप थांबती."

स्टेशनावरचा सेन्सर (गाडीच्या पोटावरून परतणारा उजेड मोजणारा) रिकाम्या रुळावर गाडी दाखवायचा, सिग्नल लाल व्हायचा आणि मागची गाडी अडायची. आधी डीसीसीवर, म्हणजे रुळांतूनच इंजिनांना डिजिटल हुकूम देणाऱ्या पद्धतीवर संशय होता. पण सिग्नलवर न सोडता कंट्रोलरवरून हाताने चालवली तर गाडी एकदाही अडखळत नव्हती. शिवाय डीसीसीच्या प्रत्येक संदेशात तपासणीचा बाइट असतो, बिघडलेला संदेश इंजिनातला डिकोडर टाकून देतो. तेव्हा तो रस्ता सोडला.

दुपारचा धागा पकडला. पत्र्याखालची खोली, त्यात रुळांना वीज पुरवणारा 5 अँपिअरचा बूस्टर लाकडी पेटीत. तो तापून बंद पडायचा म्हणून महिन्याभरापूर्वी 12 व्होल्टचा दोन वायरींचा पंखा बसवलेला, 45 अंशांच्या थर्मल स्विचवर. म्हणजे पंखा फिरायचाच मुळी दुपारी.

पंख्याची पिन काढली, भूत गेलं. पण यातून अर्धंच कळतं. पंखा जागचा न हलवता यूपीएसच्या सुट्या 12 व्होल्ट बॅटरीवर चालवला, तरीही सेन्सर शांत. म्हणजे त्रास हवेतून येत नव्हता, वायरीतून येत होता. ही चाचणी पाच मिनिटांची आहे, पण ती न करता पंख्याभोवती अॅल्युमिनियम फॉइल गुंडाळणारे बरेच भेटतात.

टेबलाखाली वाकलो तर पंख्याची काळी, म्हणजे मायनसची वायर सेन्सरपट्टीच्या काळीला पिळलेली. काळी ती काळी! ती सामाईक वायर 0.14 चौरस मिलिमीटरची, सप्लायपर्यंत 3 मीटर. रोध सुमारे 0.37 ओहम, आणि पंख्याचा प्रवाहही तिच्यातूनच परतायचा. मल्टिमीटरवर तिच्या दोन टोकांत 70 मिलिव्होल्ट दिसले. सेन्सर वाचणाऱ्या आर्डुइनो नॅनो बोर्डाच्या हिशेबात (तो 5 व्होल्टचे 1024 भाग करून मोजतो) ते जेमतेम 15 आकडे आणि प्रोग्राममध्ये गाडी आली असं धरायची मर्यादा 25 ची. इथे मीटर फसवतो, कारण तो सरासरी दाखवतो. ऑसिलोस्कोप लावल्यावर 150 मिलिव्होल्टचे सुळके दिसले, म्हणजे 30 आकडे. दर 5 मिलिसेकंदांनी एक: मिनिटाला 3000 फेऱ्या, फेरीला चार झटके.

सेन्सरचा 10 किलोओहमचा रोधक पट्टीवरच मायनसला जोडलेला, त्यामुळे मायनस उचलला की वाचनही तेवढंच उचललं जातं. 25 ची मर्यादा वाढवणं शक्य नव्हतं. इंजिनाचं पोट काळं मॅट, त्यावरून परतणाऱ्या उजेडाने वाचन जेमतेम 40 ने चढतं.

पंख्याच्या पायांशी 0.1 मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावून पाहिला. काही फरक नाही, आणि पडणारही नव्हता: सेकंदाला 200 सुळके, म्हणजे 200 हर्ट्झ, आणि इतक्या कमी वारंवारतेला तो नसल्यासारखाच. फेराइटच्या मण्याचंही तेच.

खरी दुरुस्ती वायरीची. पंख्याला 0.75 चौरस मिलिमीटरची स्वतंत्र जोडी, दोन्ही वायरी एकमेकींत पिळून, थेट सप्लायच्या स्क्रूपर्यंत नेली. सेन्सरचा मायनस तिथेच, पण वेगळ्या वायरीने. मग पंख्याच्या प्लसमध्ये 10 ओहम, 1 वॉटचा रोधक आणि त्यापुढे पंख्याला समांतर 470 मायक्रोफॅरड, 25 व्होल्टचा कपॅसिटर, ध्रुव बघून. रोधकावर 1.8 व्होल्ट पडतात, पंखा थोडा हळू फिरतो पण सुरू होतो. सुळके सुमारे सहापट खाली येतात. नुसता रोधक-कपॅसिटर लावून वायर तशीच ठेवली असती, तर सरासरीचे 15 आकडे तिथेच राहिले असते आणि सेन्सरवर थोडी धूळ बसताच तक्रार परत आली असती.

थर्मल स्विचच्या दोन वायरी जोडून पंखा मुद्दाम सतत चालवला. वाचन 2-3 आकड्यांपलीकडे हललं नाही. दुपारी तीनला, पत्रा तापलेला असताना, गाडी सिग्नलला न अडता स्टेशनातून गेली. मग त्या वायरी सोडवून स्विच पुन्हा पूर्ववत केला.